चित्रकलेच्या सरांचा आवाज

आपल्या वेळापत्रकात चित्रकलेचे दोन तास असत आणि पोर्शन राहिला की त्यातला एक तरी गणिताचे सर मागून घेत. तक्रार नाही, गणितावरच माझं घर चालतं. पण स्मरणिकेसाठी इतिहासावर लेख मागितला तेव्हा राजे-लढायांच्या आधी मला एक चित्रकलेचे मास्तरच आठवले. आपल्या शाळेतले नव्हेत, चेक देशातल्या प्ल्झेन शहरातले. नाव योसेफ स्कुपा, जन्म १८९२ चा.

कंपनीच्या कामासाठी काही महिने प्रागला होते, तेव्हा त्यांच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला. भाषेचं अक्षर कळत नव्हतं. पण हॉलमधली नातवंडं आणि आजी-आजोबा एकाच वाक्याला हसत होते, हे बघून मी हा माणूस कोण ते शोधायला लागले.

कळसूत्री बाहुल्या आपल्याला नव्या नाहीत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने त्या जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण आपल्याकडे दोरीला बहुधा रामायण-महाभारतातली पात्रं असतात. स्कुपा सरांनी दोरीला लावला तो चारचौघांतला माणूस.

दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात बाहुल्यांचं नाटक, असा त्यांचा क्रम होता. ते नाटक गरीब मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं होतं. १९१८ मध्ये ऑस्ट्रियाचं साम्राज्य कोसळत असताना त्यांच्या कश्पारेक नावाच्या विदूषकाने रंगमंचावर ऑस्ट्रियाला चक्क पुरून टाकलं. १९२० मध्ये कारेल नोसेक या कारागिराने त्यांच्या कल्पनेवरून स्पेयबल कोरला. टक्कल, मोठाले कान, अंगात झुलता कोट, पायात लाकडी खडावा. आपल्यालाच सगळं कळतं असं मानणारा आणि दर खेपेला तोंडघशी पडणारा. असे काका प्रत्येक घरात एक तरी असतातच. पण एकट्या बढाईखोराचं नाटक फार काळ चालत नाही, त्याला प्रश्न विचारणारं कोणीतरी हवं. ते १९२६ मध्ये मिळालं. कारेलचा पुतण्या गुस्ताव नोसेक याने स्पेयबलसारखाच एक छोटा बाहुला करून सरांना दिला. तो हुर्विनेक, स्पेयबलचा मुलगा.

खरी करामत इथून पुढे आहे. दोऱ्या दुसऱ्यांच्या हातात असल्या, तरी बापाचा जाड, घोगरा आवाज आणि मुलाचा चिरका, भोचक आवाज दोन्ही स्कुपा एकटेच काढत. बाप-लेकाचं भांडण एकाच गळ्यातून! एक वाक्य खालच्या पट्टीत, पुढचं वरच्या, मध्ये श्वासाला जागा नाही. शब्द न कळताही मला खेळ कळला तो यामुळेच.

१९३० मध्ये त्यांनी शाळेची पक्की नोकरी सोडून बाहुल्यांची व्यावसायिक फिरती कंपनी काढली. जगभर मंदी होती. अडतिशीतल्या माणसाने पगार सोडून लाकडी बाहुल्यांवर पोट ठेवायचं, याला आपल्या घरांत काय म्हणाले असते ते तुम्हीच सांगा! त्याआधी त्यांनी आणखी एक काम करून ठेवलं होतं. यिरी त्रन्का नावाच्या विद्यार्थ्याचा हात ओळखून त्याला प्रागच्या कलाशाळेत पाठवा म्हणून त्याच्या घरच्यांना गळ घातली. पुढे तो बाहुल्यांच्या चित्रपटांसाठी जगभर गाजला. मला विचाराल तर सरांच्या खात्यात ही नोंद हुर्विनेकच्या बरोबरीची आहे.

मग जर्मन आले. जे उघड बोलता येत नव्हतं ते स्कुपा बाहुल्यांच्या तोंडून आडून बोलत राहिले आणि प्रेक्षकांना ते बरोबर कळे. जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापोने त्यांना पकडलं. त्यांना ड्रेस्डेनच्या तुरुंगात टाकलं आणि स्पेयबल-हुर्विनेकला गेस्टापोच्या लोखंडी तिजोरीत. लाकडाच्या बाहुल्यांना तिजोरीत कोंडावंसं वाटलं, म्हणजे त्या कुठे बोचत होत्या ते दिसतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले, हजारो माणसं मेली आणि त्या गोंधळात स्कुपा तुरुंगातून निसटले. युद्ध संपल्यावर त्याच वर्षी त्यांनी प्रागमध्ये पुन्हा थिएटर सुरू केलं.

१९५७ मध्ये ते गेले. बाहुल्या कपाटात ठेवता येतात, गळा ठेवता येत नाही. पण आवाज आधीच सोपवलेला होता. १९५१ मध्ये कंपनीत आलेला मिलोश किर्शनर हा तरुण त्यांनी त्यासाठी निवडला होता. दुसऱ्याने लिहिलेला कोड सांभाळायला मिळाला की आम्ही आठवड्याभरात कुरकुरायला लागतो. या माणसाने दुसऱ्याचे दोन आवाज जवळजवळ चाळीस वर्षं सांभाळले. नुसती नक्कल केली असती तर एवढं टिकलं नसतं. त्याचा हुर्विनेक जास्त चौकस झाला आणि परदेश दौऱ्यांत तिथल्या लोकांच्या भाषेतही बोलू लागला. १९९६ मध्ये किर्शनर गेल्यावर मार्टिन क्लासेक यांनी दोन्ही आवाज पुढे चालवले.

किर्शनर यांच्या आवाजातल्या काही रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर आहेत. मेळाव्यात जेवणानंतर कोणाला ऐकायच्या असतील तर मला गाठा. भाषा कळणार नाही, पण बाप कोण आणि मुलगा कोण ते पहिल्या वाक्यालाच कळेल.