नखाच्या मुळाशी संधिवाताची चाहूल

संधिवात म्हणजे केवळ गुडघेदुखी नव्हे. प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटल्याने होणाऱ्या काही संधिवाती विकारांत त्वचा, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांनाही इजा पोहोचते. त्वचा कडक करणारा स्क्लेरोडर्मा हा त्यांपैकीच एक. त्याची पहिली खूण बहुधा बोटांवर उमटते. गारठ्यात किंवा थंड पाण्यात हात घातल्यावर बोटे आधी पांढरी, मग निळी आणि शेवटी लाल होतात. फ्रेंच वैद्य मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये या लक्षणाचे वर्णन केले. पुष्कळांच्या बाबतीत ते निरुपद्रवी असते, काहींच्या बाबतीत मात्र गंभीर आजाराची नांदी ठरते.

हा फरक ओळखण्यास कॅपिलरोस्कोपी, म्हणजेच केशवाहिन्यांची सूक्ष्मदर्शक तपासणी उपयोगी पडते. अन्यत्र केशवाहिन्या त्वचेला काटकोनात असल्याने त्यांचे फक्त टोक दिसते. नखाच्या मुळाशी त्या आडव्या असतात. त्यामुळे संपूर्ण वेटोळे पाहता येते. निरोगी व्यक्तीत हेअरपिनच्या आकाराची ही वेटोळी ओळीने मांडलेली दिसतात. स्क्लेरोडर्मात काही वाहिन्या ५० मायक्रॉनहून अधिक फुगतात, सूक्ष्म रक्तस्राव दिसतो आणि पुढे वाहिन्याच नाहीशा होतात. डर्मॅटोमायोसायटिस या स्नायूंच्या विकारातही असेच बदल आढळतात. स्क्लेरोडर्माच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या बदलांना २ गुण दिले आहेत. वर्गीकरणासाठी एकूण ९ गुण लागतात.

तपासणी वेदनारहित असते. रुग्णाला १५ ते २० मिनिटे सामान्य तापमानाच्या खोलीत बसवून नखाच्या कडेवर तेलाचा थेंब ठेवतात. व्हिडिओ कॅपिलरोस्कोप साधारणतः २०० पट मोठी प्रतिमा दाखवतो. तो नसल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडील १० पट क्षमतेच्या डर्मोस्कोपनेही प्राथमिक अंदाज येतो. सावळ्या त्वचेत वाहिन्या कमी स्पष्ट दिसतात, हे आपल्याकडे ध्यानात घ्यावे लागते. शिवाय या तपासणीला रक्तातील एएनए चाचणी आणि डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीची जोड आवश्यक असते. नेहमीच्या आमवाताचे निदान तिच्यावरून होत नाही.

छत्रपती संभाजीनगरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजेच 'घाटी', १९५६ पासून मराठवाड्याचा आधार आहे. बोटांचा रंग वारंवार बदलत असेल, बोटे सुजत असतील किंवा टोकांना जखमा होत असतील, तर थंडीचा दोष मानून स्वस्थ बसू नये. फुप्फुसांना कायमची इजा होण्यापूर्वी निदान झाल्यास उपचारांना वाव मिळतो. तपासणीला जाताना नखांना रंग लावलेला नसावा.