निसर्गाच्या ऱ्हासाला धर्म जबाबदार? लिन व्हाइट, संत फ्रान्सिस आणि वसई

१/ २६ डिसेंबर १९६६. वॉशिंग्टनमधील एका विज्ञान अधिवेशनात मध्ययुगाचे अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी व्याख्यान दिले. मार्च १९६७ मध्ये ते ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाने अवघी पाच. परंतु धर्म आणि पर्यावरण यांविषयीची चर्चा त्यांनंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

२/ व्हाइट यांचा आरोप थेट होता. आजच्या पर्यावरणसंकटाची मुळे केवळ कारखान्यांच्या धुरात नाहीत, तर पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत. झाडाझऱ्यांत देवता वसतात ही जुनी श्रद्धा ख्रिस्ती धर्माने मोडीत काढली. झऱ्यातील देवता गेली आणि झरा वापरण्यापुरता उरला.

३/ पुरावा म्हणून त्यांनी पुढे केला नांगर! जुना हलका नांगर जमीन नुसती खरवडत असे. सातव्या शतकाच्या सुमारास उत्तर युरोपात जड नांगर आला. तो जमीन खोल चिरून ढेकूळ उलटवी आणि त्याला आठ बैलांपर्यंत बळ लागे. इतके बैल एका कुटुंबाकडे कोठून असणार? शेतकऱ्यांनी बैल एकत्र केले आणि जमिनीची वाटणी कुटुंबाच्या गरजेऐवजी नांगराच्या क्षमतेवर ठरू लागली. व्हाइट यांच्या मते, येथे माणूस निसर्गाचा घटक न राहता त्याचा शोषक झाला.

४/ या मांडणीला आक्षेपही तितक्याच तातडीने आले. भूगोलज्ञ यी-फू तुआन यांनी १९६८ मध्ये चीनचे उदाहरण दिले: निसर्गाशी एकरूपतेचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या त्या देशातही अरण्ये तुटलीच. त्याही आधी, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, प्लेटोने ॲटिकाच्या उघड्या पडलेल्या डोंगरांचे वर्णन केले होते. तेव्हा ख्रिस्ती धर्माचा जन्मही झाला नव्हता.

५/ वादाचे केंद्र मात्र बायबलमधील ‘उत्पत्ती’ हे पुस्तकच राहिले. त्याच्या पहिल्या अध्यायात मानवाला पृथ्वीवर सत्ता मिळते. दुसऱ्या अध्यायात तोच मानव एदेन बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी नेमला जातो. तेथे मशागतीसाठी आलेल्या मूळ हिब्रू क्रियापदाचा ‘सेवा करणे’ असाही अर्थ होतो. धनी आणि राखणदार या दोन्ही भूमिका एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. कोणत्या काळाने कोणती उचलून धरली, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

६/ व्हाइट धर्मविरोधक नव्हते, हे अनेकदा विसरले जाते. ते स्वतः प्रेस्बिटेरियन पंथाचे श्रद्धावान ख्रिस्ती होते. संकटाचे मूळ धार्मिक असेल तर उपायही धार्मिकच हवा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून निबंधाच्या शेवटी त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिस (मृत्यू १२२६) यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत मानावे, असे सुचवले. पाखरांना प्रवचन देणारा, सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारा हा संत माणसाला सृष्टीच्या सिंहासनावरून खाली उतरवू पाहत होता, असे व्हाइट यांना वाटे.

७/ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रेने द्युबो यांनी १९७२ मध्ये दुसरे नाव सुचवले: संत बेनेडिक्ट. त्यांच्या पंथाचे मठवासी दलदली उपसून, शेते पिकवून जमीन सांभाळत आले होते. निसर्गाला हात न लावणे श्रेष्ठ, की जबाबदारीने हात लावणे? हा वाद आजही जिवंत आहे.

८/ पुढे काय घडले? २९ नोव्हेंबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. व्हाइट तेव्हा हयात होते. त्यांचे निधन १९८७ मध्ये झाले. २०१५ मध्ये याच संताचे नाव धारण केलेल्या पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. त्याचे शीर्षक संत फ्रान्सिस यांच्याच गीतातून आले आहे. ख्रिस्ती लोकांनी धर्मग्रंथाचा अर्थ कधीकधी चुकीचा लावला, ही कबुलीही त्यात आहे.

९/ पण ‘राखण’ या शब्दाचा अर्थ रोमच्या परिपत्रकाची वाट पाहत थांबला नव्हता. वसईत त्याला त्याआधीच मराठीत उत्तर मिळू लागले होते. केळी आणि पानवेलींच्या वाड्या, त्यांना पाणी पुरवणारी बावखले हे तेथील वैभव. मुंबईचा विस्तार तेथवर पोहोचला, हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले.

१०/ १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. तिच्या अग्रभागी होते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पुढे ते ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दहशतीच्या वातावरणातही मोर्चे निघाले. त्यांत ख्रिस्ती होते तसेच हिंदूही होते. पाणी दोघांच्याही विहिरींतून आटत होते.

११/ वसई पूर्णपणे वाचली नाही. आज तेथे इमारतींची दाटी आहे. तरीही व्हाइट यांच्या आरोपाला या लढ्याने दिलेले उत्तर महत्त्वाचे ठरते. ज्या ग्रंथात जड नांगराच्या मालकाला सत्ता दिसली, त्याच ग्रंथात वसईतील एका धर्मगुरूला वाडीची राखण दिसली. म्हणून धर्म निसर्गाचा शत्रू की मित्र, हा प्रश्न अपुरा आहे. तो ग्रंथ कोणी, कोठे आणि कोणाच्या बाजूने उभे राहून वाचला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम विचारावे.