पेटी, अकॉर्डियन आणि महिन्याची बैठक

वाद्यांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा वादकांचाच इतिहास लिहिला जातो. कोणी कोणाकडे तालीम घेतली, कोणत्या दरबारात मान मिळविला, कोणत्या ध्वनिमुद्रिका गाजल्या, या नोंदी आवश्यक आहेतच. परंतु एखादे वाद्य समाजात टिकून राहते ते केवळ थोर वादकांमुळे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो आम्ही दोन भावंड वाद्यांच्या आधारे विचारणार आहोत. त्यांतील एक आपल्या घरोघरी पोहोचले. दुसरे आपण हजारो वेळा ऐकले, परंतु ते आपले कधी झाले नाही. पहिले हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी, दुसरे अकॉर्डियन.

दोहोंचे कूळ एक. धातूची पातळ जीभ, जिला कारागीर रीड म्हणतात, ती वाऱ्याच्या झोताने थरथरते आणि स्वर उमटतो. वारा पुरविण्यासाठी भाता असतो आणि स्वर निवडण्यासाठी पट्ट्या. व्हिएन्ना येथील सिरिल डेमियन यांनी १८२९ च्या मे महिन्यात आपल्या वाद्याचे पेटंट घेतले व त्यास अकॉर्डियन हे नाव दिले. एका बोटाने एक कळ दाबताच तीन-चार स्वरांचा मेळ, म्हणजे कॉर्ड, वाजावी हे त्यांच्या कल्पनेचे वैशिष्ट्य होते आणि वाद्याचे नावही त्यावरूनच पडले. पुढे १८४२ मध्ये पॅरिस येथे अलेक्झांडर देबाँ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते पायाने भाता चालविण्याचे, खुर्चीवर बसून वाजविण्याचे वाद्य होते.

येथून दोघांच्या वाटा फुटल्या. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत हार्मोनियमचे पाय काढले आणि भाता मागे आणून तो डाव्या हाताने चालविण्याजोगा केला, असे सर्वमान्य आहे. हा बदल दिसावयास लहान, परंतु परिणामाने फार मोठा. वाद्य जमिनीवर आले, सतरंजीवर मांडता येऊ लागले, गवयाच्या शेजारी बसू लागले. शिवाय आपल्या संगीतात कॉर्डचे प्रयोजन नसल्याने भाता चालविण्यात गुंतलेल्या डाव्या हातावाचून काही अडले नाही. अकॉर्डियनचे तसे झाले नाही. पूर्ण आकाराच्या पियानो अकॉर्डियनला उजव्या हाताखाली ४१ पट्ट्या आणि डाव्या हाताखाली १२० कळा असतात. दहा-बारा किलोंचे ते ओझे पट्ट्यांनी छातीशी बांधून घ्यावे लागते. राग वाजवावयाचा तर त्या १२० कळांना काम उरत नाही. म्हणजे वाद्याचा निम्मा संसार आपल्या बैठकीत बेकार ठरतो. तो कामी येतो तो वाद्यवृंदात, जेथे कॉर्डची गरज असते.

तेव्हा पेटी बैठकीत गेली आणि अकॉर्डियन स्टुडिओत, हे काही अंशी त्यांच्या घडणीतूनच ठरले. किंमत आणि दुरुस्ती यांचाही वाटा होताच. पेटी आपल्याकडेच तयार होऊ लागली. गुजरातेतील पालिताणा हे गाव तर पेटीसाठी आणि तिच्या रीडसाठी नावाजले गेले. अकॉर्डियन मात्र इटलीतील कास्तेलफिदार्दो किंवा जर्मनीतील ट्रोसिंगेन येथील कारखान्यांतून यावयाचे. परंतु घडण आणि किंमत यांनी वाद्य कोठे जाईल एवढेच ठरते. गेल्या ठिकाणी ते टिकेल की नाही, हे कशाने ठरते? आमच्या मते ते आसऱ्याने ठरते आणि आसऱ्याचे तीन प्रकार आपल्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

पहिला आसरा राजाश्रयाचा. आमचे कडोदरा ज्या पलसाणा तालुक्यात आहे, तो तालुका पूर्वी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. त्यामुळे हे उदाहरण आम्हांस घरचे वाटते. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली बडोद्यात गायनशाळा सुरू केली. दरबारी कलावंतांसाठी तेथे कलावंत कारखाना नावाचे स्वतंत्र खाते होते. त्याला नियम होते, पगारपत्रके होती. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना त्या व्यवस्थेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. फैयाजखाँसारखा गवई या आश्रयाखाली नांदला. परंतु १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याबरोबर दरबारही संपला. गायनशाळेचे रूपांतर महाविद्यालयात होऊन ती टिकली, कारण तिला विद्यार्थी होते. कलावंत कारखाना टिकला नाही, कारण त्याचा धनी एकच होता.

दुसरा आसरा धंद्याचा, आणि अकॉर्डियनच्या वाट्याला तोच आला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत या वाद्याने जे राज्य केले, ते आठवण्यास वाचकांना आमची मदत नको. ‘संगम’ (१९६४) मध्ये राज कपूर यांच्या गळ्यात ते पडद्यावरही दिसले. गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड, पुण्याचे एनॉक डॅनियल्स ही नावे जाणकारांना ठाऊक आहेत. पहिले दोघे पारशी. आमच्या शेजारच्या नवसारीशी ज्या समाजाचे शतकानुशतकांचे नाते, त्याच समाजाने मुंबईत पाश्चात्त्य वाद्ये मोठ्या हौसेने आत्मसात केली. ‘आराधना’ (१९६९) मधील शेकोटीच्या उजेडातले, एकाच सलग चित्रणात टिपलेले किशोरकुमारांचे गाणे आठवावे. त्यातील अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचे. डॅनियल्स यांनी तर चित्रपटगीतांच्या सुरावटी केवळ अकॉर्डियनवर वाजवून त्यांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढल्या व त्या घरोघरी वाजल्या.

एवढे असूनही या वाद्याचा श्रोता वाद्यासाठी आलेला नव्हता. तो गाण्यासाठी आला होता. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई, वादकांची नावे बहुधा येतच नसत. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रांमध्ये मंचावर अकॉर्डियन हमखास दिसे, परंतु तेथेही वादकाचे काम ध्वनिमुद्रिकेतील तुकडा जसाच्या तसा वाजविणे एवढेच असे. सीरवाई किंवा लॉर्ड यांनी घरी, आपल्या आनंदासाठी काय वाजविले असेल, ते ऐकण्याची सोय महाराष्ट्रात अथवा गुजरातेत सर्वसामान्य रसिकास नव्हती. आणि सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणणाऱ्यांत अग्रभागी होते ते हेच केरसी लॉर्ड. कालाची पावले ओळखणारा तो कलावंत होता, त्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र पुढील पंधरा-वीस वर्षांत कीबोर्डवरील एक कळ दाबताच अकॉर्डियनसारखा आवाज निघू लागला आणि स्टुडिओची या वाद्याची गरज संपली. गरज संपली तेव्हा वाद्याला परतण्यासाठी घर नव्हते.

आता तिसरा आसरा पाहू. तो सभासदांचा. पुणे गायन समाज १८७४ चा, कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ चा, भास्करबुवा बखले यांनी पुण्यात स्थापिलेला भारत गायन समाज १९११ चा. या संस्थांना काही वेळा राजाश्रयही लाभला, परंतु त्यांचा कणा वर्गणीदार सभासद हाच होता. ठरलेल्या दिवशी जमावयाचे, मोठा गवई आला तर त्याचे ऐकावयाचे, न आला तर आपसांत गावयाचे-वाजवावयाचे, असा त्यांचा शिरस्ता. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक कोल्हापूरच्या याच वातावरणात, देवल क्लबातील मैफली ऐकत घडला. टेंबे यांची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. परंतु ज्या सभागृहात टेंबे वाजवीत, तेथेच एखादा कारकून किंवा शाळामास्तर दोन चिजांना साथ करून जात असे, हेही लक्षात घेतले पाहिजे. वाद्याला असा मध्यम प्रतीचा, परंतु नित्य वाजविणारा हात लागतो. थोर वादक पिढीत एखादा निपजतो. वाद्याला दर महिन्याला जागे ठेवतात ते हेच हात.

या आसऱ्याचे बळ किती, याची परीक्षा पेटीला द्यावी लागली. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. पेटीचे स्वर ठोकळेबाज, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, हा आक्षेप होता आणि शास्त्रदृष्ट्या तो निराधार नव्हता. देशातील सर्वांत मोठ्या श्रवणमाध्यमाचे दार तीस वर्षे तिला बंद राहिले. ते किलकिले झाले १९७१ च्या सुमारास. एवढ्या अवधीत एखादे वाद्य नामशेष व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात याच काळात पी. मधुकर यांनी एकल पेटीवादनाची गोडी लावली, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारखे साथीदार तयार झाले आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकाच्या बोटांतही पेटी नांदली. रेडिओने दार लावले, परंतु गायन समाज, म्युझिक सर्कल आणि भजनी मंडळे यांनी आपली दारे उघडीच ठेवली होती. अकॉर्डियनवर कोणीही बंदी घातली नव्हती. ते बंदीवाचून मागे पडले.

कोणी म्हणेल, ही तुलना न्याय्य नाही. अकॉर्डियन मुळातच परक्या संगीताचे वाद्य, त्याचे असे होणारच. या आक्षेपाला उत्तर त्या परक्या मुलखातच मिळते. पाश्चात्त्य देशांतही १९५० नंतर विजेच्या गिटारीने व रॉक संगीताने अकॉर्डियनला मागे लोटले, ते जुनाट आणि हास्यास्पद ठरविले. तरीही स्कॉटलंडमध्ये ते टिकले. तेथे गावोगावी अकॉर्डियन आणि फिडल क्लब आहेत. थंडीच्या हंगामात महिन्यातून एक संध्याकाळ एखाद्या हॉटेलात किंवा गावच्या सभागृहात मंडळी जमतात. प्रथम गावातील वादक, त्यांत शाळकरी मुले आणि वृद्ध दोन्ही, आळीपाळीने वाजवितात. नंतर बाहेरून बोलाविलेला पाहुणा वादक अथवा वृंद वाजवितो. जिमी शँड (१९०८-२०००) हे त्या देशाचे सर्वांत कीर्तिमान अकॉर्डियनवादक. त्यांना १९९९ मध्ये सर ही पदवी मिळाली. ते गेले, पण वाद्य गेले नाही, कारण महिन्याची संध्याकाळ कोणा एका वादकाच्या आधाराने उभी नव्हती. आमच्या देवल क्लबाची आणि या क्लबांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नाही, परंतु दोघांना एकच युक्ती सापडली होती.

ती युक्ती आम्हां मराठी माणसांना मुळात नवी नाही. पंधरवड्याच्या एकादशीला भजनास जमण्याची रीत आपल्याकडे शतकांची आहे. कडोदऱ्याच्या चार रस्त्यांवर, जेथे सूरत-बारडोली रस्ता राष्ट्रीय महामार्गाला छेदतो, दिवसरात्र मालमोटारी धावतात. परिसरातील कापडाच्या कारखान्यांत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे पोटासाठी राबतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या सूरतच्या वस्त्यांत तर मराठी कानांवर पडल्यावाचून राहत नाही. या मंडळींनी गावाहून येताना फारसे काही आणले नाही, पण भजन आणले, आणि भजनाबरोबर पेटी आली. पाळी बदलून आलेला कामगार रात्री पेटीपुढे बसतो. त्याला कोणी मानधन देत नाही आणि वर्तमानपत्रात त्याचे नाव येत नाही. तरी पुढच्या एकादशीला तो पुन्हा येतो. पेटीचा खरा राजाश्रय आम्हांस येथे दिसतो.

हा सारा विचार आम्ही मांडला तो केवळ वाद्यांच्या कुतूहलापोटी नव्हे. परमुलखात भाषाही अशाच आसऱ्यावर जगते. मराठी साहित्याची मंडळे गुजरातेत थोडी आहेत, आणि जी आहेत त्यांच्या मासिक सभांना आता दहा-बारा डोकी दिसतात. तेव्हा सूचना येते की दरमहा कशाला, वर्षातून एकदा नामवंत वक्ता बोलावून मोठा समारंभ करू. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. हिशेबाच्या दृष्टीनेही ती सोयीची आहे. एक सभागृह, एक खर्च, भरगच्च उपस्थिती. आम्हीही नोकरीत असताना असे अनेक समारंभ पार पाडले आणि त्यांचे अहवाल लिहिले.

परंतु अकॉर्डियनचा इतिहास या सूचनेच्या विरुद्ध साक्ष देतो. त्याला नामवंत वादक मिळाले, भरगच्च श्रोते मिळाले, वर्षातून एकदा गणेशोत्सवाचा मंचही मिळाला. मिळाली नाही ती दहा-बारा माणसांची महिन्याची संध्याकाळ, जिच्यात चुकतमाकत वाजविणाऱ्यालाही पाळी मिळते. वार्षिक समारंभात आपण श्रोते असतो. मासिक बैठकीत आपल्यालाही काहीतरी आणावे लागते, मग ती चार ओळींची टिपणी असो वा वाचलेल्या पुस्तकाविषयी दोन शब्द. सूरतेत जन्मलेली, गुजराती शाळेत शिकलेली आमची नातवंडे समारंभातील व्याख्यान ऐकून मराठी होणार नाहीत. अडखळत का होईना, मराठीत चार वाक्ये बोलण्याची पाळी त्यांच्यावर दरमहा आली, तर कदाचित होतील.

म्हणून वार्षिक समारंभ अवश्य व्हावा, मात्र तो महिन्याच्या सभेच्या बदल्यात होऊ नये, असे आमचे नम्र मत आहे. दहा माणसे आली तर दहांची नोंद वहीत व्हावी आणि पुढील महिन्याची तारीख त्याच दिवशी ठरावी.