नॅपकिनखालची चकती

तीन पत्ती खेळणाऱ्याला ‘ब्लाइंड’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पान न बघता पैसे लावले की ब्लाइंड. अमेरिकेतल्या टेक्सास होल्डेम या पोकरच्या खेळात त्याचा अर्थ जरा वेगळा आहे. पत्ते वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांना पानं बघण्याआधीच ठरलेली रक्कम मधे टाकावी लागते. पहिल्याला लहान, दुसऱ्याला मोठी. आपला बूट सगळेच भरतात, हा पाळीपाळीनं दोघांवर येतो. मी स्वतः पैसे लावून कधी खेळलो नाही. आमच्या घरात पत्त्यांचा जोडसुद्धा येत नसे. तरी या खेळातल्या एका प्रश्नानं बरीच वर्षं माझा पिच्छा पुरवला आहे. ज्याच्याजवळ सर्वांत कमी उरलंय, त्यानं करायचं काय?

हा प्रश्न स्पर्धेनं निर्माण केला. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत १९७० साली ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू झाली. पहिल्या वर्षी विजेता चक्क मतदानानं ठरला! १९७१पासून पद्धत बदलली : सगळ्यांनी सारख्या चकत्या घेऊन बसायचं, संपल्या की उठायचं. त्यातच ब्लाइंडची रक्कम ठरावीक वेळानं वाढत जाते. चांगल्या पानांची वाट बघणारा माणूस नुसता बसूनही झिजत असतो.

१९८२ साली जॅक स्ट्रॉस नावाचा साडेसहा फुटी खेळाडू सगळं हरून उठला, तेव्हा नॅपकिनखाली पाचशेची एक चकती निघाली. ‘सगळं लावतो’ असं तो तोंडानं म्हणाला नव्हता, म्हणून त्याला परत बसू दिलं, असं सांगतात. १०४ जणांत तोच जिंकला. ५ लाख २० हजार डॉलर मिळाले. ‘एक चकती आणि एक खुर्ची’ ही तेव्हापासून पोकरवाल्यांची म्हणच झाली. कवीला आवडावी अशी ही गोष्ट. मलाही आवडली, पण ती दिशाभूल करते.

१९९५चा विजेता डॅन हॅरिंग्टन यानं बिल रॉबर्टीबरोबर लिहिलेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडात, २००५ साली, या प्रश्नाचा हिशेबच मांडला. जवळच्या चकत्यांना एका फेरीच्या खर्चानं भागायचं. उत्तराचं नाव ‘एम’. बॅकगॅमनचा जगज्जेता पॉल मॅग्रील याच्या आडनावाचं आद्याक्षर. समजा, ब्लाइंड ३०० आणि ६०० आहेत, जवळ ४,५०० आहेत. एम पाच, म्हणजे पाच फेऱ्यांचं आयुष्य. सगळे पॅक करत करत पाळी वाटणाऱ्याच्या जागी बसलेल्या आपल्या माणसावर आली, तर त्यानं बरी पानं बघून सगळ्या चकत्या पुढे सरकवायच्या. मोठा ब्लाइंडवाला विचारात पडतो. बघायचं तर आणखी ३,९०० घालावे लागतील. पुष्कळदा तो पॅक करतो आणि पानं न दाखवताच ९०० हाती येतात. एक फेरी मिळाली. याला ब्लाइंड चोरणं म्हणतात.

हाच माणूस हुकमी पानांसाठी थांबला आणि ९००वर आला, तर? मोठ्या ब्लाइंडवाल्याला आता ३०० टाकून १,८०० जिंकायची संधी आहे. तो कशाला पॅक करील? कसलीही पानं घेऊन बघायला येईल. चोरी चालते ती समोरच्याच्या धास्तीवर, आणि धास्ती घालायला गाठीशी काहीतरी लागतं. कमी असेल त्यानं जपून राहावं, असं लहानपणापासून ऐकत आलेल्या मला हे पचवायला वेळ लागला.

गंमत म्हणजे हॅरिंग्टन स्वतः अतिशय सावध खेळाडू. ‘अ‍ॅक्शन डॅन’ हे त्याचं टोपणनाव थट्टेनंच पडलेलं. २००३ साली ८३९ जणांत तो तिसरा आला, पुढच्या वर्षी २,५७६ जणांत चौथा. स्ट्रॉस १९८८ साली खेळता खेळताच गेला. चकतीची गोष्ट मात्र हरत आलेल्या खेळाडूला आजही कुणीतरी सांगतंच.