धारवाडचे मिथकनाट्य

धारवाडचे मिथकनाट्य : धारवाडच्या साहित्यिक वर्तुळाशी निगडित कन्नड नाटककारांनी स्वातंत्र्योत्तर काळात पुराण, इतिहास व लोककथा यांच्या आधारे लिहिलेली नाटके. नव्या राष्ट्राची उलटतपासणी हे त्यांचे सर्वांत मोलाचे कार्य होय.

पार्श्वभूमी : पुराणकथेचा राजकीय वापर धारवाड ज्यात मोडत होते त्या मुंबई इलाख्याला नवा नव्हता. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. तेथे शत्रू परका होता. १९४७ नंतर जाब घरातल्यांनाच विचारायचा होता. धारवाडपुढे देशाबरोबर कन्नड प्रांताचाही प्रश्न होता. कर्नाटक विद्यावर्धक संघ (स्थापना १८९०) व आलूर वेंकटराव यांच्या कन्नड प्रदेशांच्या एकीकरणाच्या कार्याला फळ येऊन १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला.

ययाती : गिरीश कार्नाड (१९३८–२०१९) यांचे पहिले नाटक, ऑक्सफर्डला जाण्यापूर्वी लिहिलेले, १९६१ मध्ये धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने प्रसिद्ध केलेले. महाभारतात बापाचे, म्हणजे ययातीचे, वार्धक्य घेणारा पुरू आज्ञाधारकपणाबद्दल राज्य मिळवतो. कार्नाडांनी त्याला चित्रलेखा ही पत्नी दिली आणि कथेचा तोलच बदलला. नवऱ्याचे तारुण्य सासऱ्याने घेतले, तर नवऱ्याची जागाही त्यानेच घ्यावी, असे ती ययातीला तोंडावर सुनावते. तो संतापतो, ती विष घेते. तिच्या मृत्यूनंतरच ययाती आपले म्हातारपण परत घेतो. वडीलधाऱ्यांच्या उपभोगाची किंमत पुढच्या पिढीने का मोजावी, हा प्रश्न त्या दशकाच्या वर्मी लागणारा होता. नाटकाला राजकीय रूपक मानावे की नाही, याविषयी मतभेद संभवतात. स्वतः कार्नाडांनी त्याचे मूळ घरच्यांच्या अपेक्षांच्या दडपणात सांगितले आहे.

नायजेरियाच्या स्वातंत्र्यानिमित्त १९६० मध्ये सादर झालेले वोले शोयिंका यांचे ‘अ डान्स ऑफ द फॉरेस्ट्स’ या संदर्भात महत्त्वाचे. उत्सवासाठी लोक थोर पूर्वजांना बोलावतात; येतात ते जुन्या दरबारात अन्याय सोसून मेलेले दोघे. धारवाड आणि नायजेरिया यांच्यात थेट देवाणघेवाण नसतानाही दोन्हीकडच्या तरुण लेखकांनी पूर्वजांचे पोवाडे गायचे नाकारले, ही या काळातील मोठी वाङ्मयीन घटना होय.

तुघलक : कार्नाडांचे १९६४ चे ऐतिहासिक नाटक. दिल्लीहून दौलताबादेस नेलेली राजधानी आणि तांब्याचे चलन हे त्यातील मुख्य प्रसंग. सुलतान तुघलक पाच वेळची नमाज सक्तीची करतो. सरदार नमाजेच्या वेळीच त्याला ठार करण्याचा कट रचतात. कट उधळल्यावर सुलतान नमाजच बंद करतो. अझीझ हा धोबी मात्र प्रत्येक सुधारणेतून कमाई करतो. नेहरूयुगातील मोहभंगाचे नाटक म्हणून ते वाचले जाते.

हयवदन : (१९७१). कथासरित्सागरातील कथा व टोमास मान यांची कादंबरिका यांवर आधारित. पूर्णत्व मागणारा घोडमुख्या माणूस शेवटी पूर्ण घोडा होतो, पण माणसाचा आवाज उरतो. राष्ट्रगीत गाणाऱ्यांचे आवाज बिघडलेले असतात, हे पाहून आपला आवाज घालवण्यासाठी तो राष्ट्रगीत गातो. राष्ट्रभावनेच्या पोकळ उच्चारावर इतका नेमका घाव त्या पिढीत क्वचितच कोणी घातला.

इतर : श्रीरंग (आद्य रंगाचार्य) यांचे ‘केळु जनमेजय’, चंद्रशेखर कंबार यांचे ‘जोकुमारस्वामी’.

प्रकाशन : मनोहर ग्रंथमाला १९३३ मध्ये सुरू झाली. जी. बी. जोशी (‘जडभरत’) हे तिचे चालक व स्वतः नाटककार होते. कीर्तिनाथ कुर्तकोटी हे साहित्यिक सल्लागार होते. सुभाष रस्त्यावरील तिचा माळा, स्थानिकांचा ‘अट्ट’, हा लेखकांच्या बैठकीचा अड्डा होता. एका नवख्याचे नाटक छापण्याची हिंमत या माळ्याने दाखवली, हे त्याचे ऋण भारतीय रंगभूमीवर आहे.

प्रयोग : या नाटकांची ख्याती मुख्यतः बंगळूर, मुंबई व दिल्ली येथील प्रयोगांमुळे.

मराठी रंगभूमी : ‘तुघलक’चा अनुवाद विजय तेंडुलकरांनी, तर ‘हयवदन’चा चिं. त्र्यं. खानोलकरांनी केला. ‘हयवदन’ विजया मेहता यांनी मराठीत बसवले. पुढे जर्मन रंगभूमीवरही नेले.