बाणाची काठी : एक उपेक्षित साधन

शस्त्रेतिहासात बाणाच्या पात्याला जेवढे स्थान मिळाले, तेवढे त्याच्या काठीला मिळालेले नाही. लोखंड जमिनीत दीर्घकाळ टिकते. बांबू व बोरू कुजून जातात. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील साष्टीत, एकसर येथील वीरगळांवर धनुर्धर कोरलेले आहेत. परंतु त्यांच्या बाणांची बांधणी पाषाणावरून कळत नाही.

वाङ्मयीन पुरावा मात्र बोलका आहे. झर्क्सीझच्या सैन्यातील भारतीयांचे बाण बोरूचे व लोखंडी अग्राचे होते, असे हिरोडोटस सांगतो. कौटिल्याने बाणांच्या प्रकारांत वेणू व शर यांच्याबरोबर नाराचही दिला आहे. संपूर्ण लोखंडी नाराच मोडत नसे, पण जड असे. म्हणून हलकी काठीच मजबूत करणे हा खरा प्रश्न होता. बांबूचे तंतू उभे असतात. लक्ष्यावर आघात होताच पात्याचा देठ पाचरीप्रमाणे मागे सरकतो आणि काठी तोंडाशी उभी चिरते.

यावरील उपाय ऋग्वेदाइतका जुना दिसतो. सहाव्या मंडलातील शस्त्रसूक्तात (६.७५) बाण ‘गो’ने बांधलेला म्हटला आहे. तेथे ‘गो’ म्हणजे स्नायू व श्लेष्मा, असे यास्क निरुक्तात (२.५) सांगतो. श्लेष्मा म्हणजे येथे सरसासारखे चिकटद्रव्य मानणे सयुक्तिक होय. आडवा गुंडाळलेला तंतू आणि तो पक्का धरणारा सरस, अशी ही जोडी आहे. कल्याण-डोंबिवलीतील तिरंदाजांच्या हाती आज कार्बन तंतूंची काठी आहे. तिचेही बहुतेक तंतू उभे असल्याने ती टोकाशीच फुटते. म्हणून काही थर आडवे वा तिरपे घालून ते राळेत पक्के करतात, किंवा तोंडावर ॲल्युमिनियमचे कडे चढवितात. द्रव्य बदलले, दोष तोच राहिला.

या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील कातकऱ्यांच्या धनुष्यबाणांकडे पाहावयास हवे. १८८२ च्या गॅझेटियरसारख्या जुन्या वर्णनांचा भर जमातींच्या चालीरीतींवर होता. काठीचा कळक केव्हा तोडावा, तिचे पेर कोठे यावे, तोंडाशी काय व किती वेढे गुंडाळावे, हे विचारण्याची गरज क्वचितच कोणास वाटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीस बंदी आली व बाण करण्याचे निमित्तही ओसरत गेले. पाते संग्रहालयात ठेवता येते. काठीची ही माहिती मात्र मुरबाड-शहापूरकडील पाड्यांवर जाऊन, हे काम हाताने केलेल्या वृद्धांकडूनच टिपून घ्यावी लागेल.