जोत्याखालचे आकडे

१६ जुलै २०२१ला दुपारी एक वाजता दहावीचा निकाल ऑनलाइन लागायचा होता. करोनामुळे त्या वर्षी लेखी परीक्षाच झाली नव्हती, तरी उत्सुकता तेवढीच. सुमारे सोळा लाख मुलं आणि त्यांच्या घरचे एकाच वेळी तुटून पडले आणि निकालाची संकेतस्थळं काही तास उघडलीच नाहीत. लातुरात, जिथं निकालावर अर्ध्या गावाचा बाजार चालतो, तिथं ती दुपार कशी गेली असेल ते सांगायला नको. पालकांचा प्रश्न एकच: साइट चालू आहे की बंद? सर्व्हर सांभाळणाऱ्याला मात्र बंद पडायच्या आधीचं कळावं लागतं. सेकंदाला किती विनंत्या येताहेत, किती थ्रेड अडकून बसलेत, मेमरी कितपत उरली आहे. हे आकडे सतत टिपत राहायची रीत आज सगळीकडे आहे. तिचं कूळ मात्र जेमतेम तीस वर्षांचं.

ही गोष्ट मुख्यतः जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या सर्व्हरची, पण सुरुवात जावापासून झाली नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात १९९४-९५च्या सुमारास तोबियास ओटिकर यांच्याकडे इंटरनेटची लाइन होती ६४ किलोबिटची, आणि ती कायम तुंबलेली. ती किती तुंबते हे सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी एमआरटीजी लिहिलं. दर पाच मिनिटांनी राउटरला आकडा विचारायचा आणि त्याचा आलेख वेबपानावर टाकायचा, एवढंच त्याचं काम. पुढं १९९९मध्ये ईथन गॅलस्टाड यांचं नेटसेंट आलं. तेच नंतर नागिऑस या नावानं जगभर पसरलं. पण ही मंडळी दारावर टकटक करणारी. घराबाहेरून दिसेल तेवढंच त्यांना कळे.

जावाची अडचण इथंच होती. १९९५मध्ये आलेली ही भाषा स्वतःचं वेगळं यंत्र घेऊन चालते, जेव्हीएम. ऑपरेटिंग सिस्टिमला बाहेरून दिसतं ते इतकंच, की एका प्रोसेसनं दोन जीबी मेमरी अडवून ठेवली आहे. त्या दोन जीबीत आत काय चाललंय, कितीला हात लावलेला नाही, किती नुसता कचरा आहे, हे जेव्हीएमलाच ठाऊक. तेव्हा आतून खिडकी हवी होती. ती जेएमएक्स या नावानं आली. जावाच्या जगात सुधारणांचे प्रस्ताव क्रमांकानं ओळखले जातात. जेएमएक्सचा क्रमांक तीन, म्हणजे अगदी सुरुवातीचा, १९९८चा. तरी खिडकी घरोघरी बसायला २००४ उजाडलं. त्या वर्षीच्या जावा ५ बरोबर ती आपसूक मिळू लागली आणि सोबत जेकन्सोल नावाची छोटी अवजारपेटीही आली.

जेकन्सोल उघडून हीपचा, म्हणजे प्रोग्रामचा माल जिथं साठतो त्या मेमरीचा, आलेख ज्यानं पहिल्यांदा पाहिला, तो घाबरला नाही असं सहसा होत नाही. रेघ चढत जाते, ऐंशी टक्के, नव्वद टक्के, आणि आता संपलं म्हणेपर्यंत एकदम खाली कोसळते. पुन्हा चढते. करवतीचे दाते. जेव्हीएममधला कचरा उचलणारा गार्बेज कलेक्टर मेमरी लगेच मोकळी करत नाही. गरज पडली की झाडू मारतो. त्यामुळे नव्वद टक्के भरलेल्या हीपमध्ये बहुतेक माल टाकाऊ असू शकतो. जाणकार माणूस दात्याच्या टोकाकडे बघत नाही, बुडाकडे बघतो. प्रत्येक मोठ्या झाडलोटीनंतर रेघ जिथं टेकते ती जागा दिवसागणिक वर सरकत असेल, तर कुठंतरी गळती आहे, आणि एखाद्या रात्री सर्व्हर आउट ऑफ मेमरी म्हणत बसणार हे ठरलेलं.

आकडा नेमका कशाचा, हे लातूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. मांजरा धरणात एकूण सुमारे २२४ दलघमी पाणी मावतं, त्यातलं उपयुक्त १७७च्या आसपास. उरलेला ४७चा मृतसाठा. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. धरण जोत्याखाली, म्हणजे नुसत्या मृतसाठ्यावर, गेलं की ती शून्य होते, पण धरणात पाणी असतं आणि शहर तेच पीत असतं. मग तेही संपतं. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली, ती त्यानंतरची गोष्ट. मांजऱ्यात शून्य दिसतं तेव्हा काहीतरी शिल्लक असतं. हीपमध्ये नव्वद दिसतं तेव्हा बरंच रिकामं होऊ शकतं. आकड्याची व्याख्या न वाचता त्यावर भोंगा लावणारे दोन्हीकडे सारखेच फसतात.

जेकन्सोलची मर्यादा मात्र लवकर उघडी पडली. एका सर्व्हरपुढं बसून बघायला ते ठीक. सर्व्हर पन्नास झाले आणि बिघाड रात्री दोनला झाला तर? आकडे साठवायला हवे होते. ऑर्बिट्झ या प्रवासकंपनीत ख्रिस डेव्हिस यांनी २००६मध्ये ग्राफाइट त्यासाठीच लिहिलं. २०११च्या सुमारास कोडा हेल यांनी जावासाठी मेट्रिक्स नावाची लायब्ररी दिली आणि प्रोग्रामरच्या डोक्यात एक गोष्ट ठसवली: सरासरीवर जाऊ नका. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना पान झटकन मिळालं आणि एक जण तीस सेकंद ताटकळला, तर सरासरी गोडच दिसते. त्या एका माणसाला ती दाखवून बघा.

मग बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत, २०१२मध्ये, गूगलमधून आलेल्या मॅट प्राउड आणि युलियुस फोल्त्स यांनी प्रोमिथियस सुरू केलं. गूगलच्या आत बोर्गमॉन नावाची व्यवस्था होती, तिच्या आठवणीवर बेतलेलं. त्यात सर्व्हरनं आकडे पाठवायचे नाहीत. आपले आकडे एका पत्त्यावर साध्या मजकुरात मांडून ठेवायचे. प्रोमिथियस आपण ठरवू त्या अंतरानं, उदाहरणार्थ दर पंधरा सेकंदांनी, फेरी मारतो आणि वाचून जातो. फेरीत दार उघडलं नाही, तर तीही नोंद. मला या कुळातली ही सगळ्यात शहाणी चाल वाटते, कारण आकडे पाठवणारा मेला की तो ‘मी मेलो’ असं कळवू शकत नाही.

आज नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा जावाच्या स्प्रिंग बूट या चौकटीवर प्रोजेक्ट करतो तेव्हा हे सगळं दोन ओळींत येतं: ॲक्च्युएटर आणि मायक्रोमीटर या दोन डिपेंडन्सी घालायच्या, प्रोमिथियसचा पत्ता उघडा करायचा, वर आलेख दाखवणाऱ्या ग्राफानाचा डॅशबोर्ड. अर्ध्या तासाचं काम. खरी कसोटी पुढं, इशारा कुठं लावायचा यात. बहुतेक जण नेटवरून ऐंशी टक्क्यांचा नियम उचलतात. त्याच नांदेडात जुन्या पुलाजवळ गोदावरीची इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोका पातळी ३५४ मीटर. मधले तीन मीटर म्हणजे हातातला वेळ. हे आकडे त्या पुलापुरते, त्या पात्रापुरते. ॲप्लिकेशनलाही तसंच आपापल्या पुराच्या इतिहासावरून दोन पातळ्या ठरवाव्या लागतात. प्रोमिथियसच्या नियमात वर अवधीही घालता येतो: पातळी सलग पाच मिनिटं ओलांडलेली राहिली तरच फोन वाजवा. एरवी हीपच्या प्रत्येक दात्याला कोणीतरी झोपेतून उठेल.

आणि मायक्रोमीटर हा आकडा आणतो कुठून? हीपबद्दल विचारलं की तो जावाच्या त्याच २००४च्या बीनना, म्हणजे जेएमएक्सच्या खिडकीतल्या वस्तूंना, विचारतो. ग्राफानाच्या काळ्या पडद्यावरची हिरवी रेघ आणि जेकन्सोलमधली जुनी रेघ, दोन्हींचं पाणी एकाच विहिरीतलं.